मुद्दलाला हात न लावता : नाशिकची एक फेरी

बुधवार : पांडवलेणी, जुनं नाशिक

नाशिकला आलेला माणूस आधी रामकुंड गाठतो. मी आधी पांडवलेणी गाठली. उमेदीची सगळी वर्षं बँकेत ठेवी आणि कर्जांच्या टेबलावर गेली, आणि इथल्या दहाव्या लेण्यात एका ठेवीचा दस्तऐवज दगडात कोरून ठेवला आहे असं वाचल्यापासून तो डोळ्यांनी बघायचाच, हे ठरलेलं होतं.

महामार्गालगत दादासाहेब फाळके स्मारकाच्या बाजूने पायऱ्या सुरू होतात. जानेवारीची सकाळ, अंगावर स्वेटर, आणि समोरून भराभर उतरणारे रोजचे फिरायला येणारे नाशिककर. पांडवांचं नाव लोकांनी दिलेलं. शिलालेखात या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे आणि ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंची आहेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्याच्यापुढे लोक थांबतात, फोटो काढतात, आणि थांबावं असाच तो आहे. माझे पाय मात्र पुढच्या नहपान विहाराकडे वळले.

नहपान हा क्षहरात घराण्यातला शक राजा (क्षत्रप), आणि उषवदात हा त्याचा जावई. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी या उषवदाताने इथल्या भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे नाणी, ठेवले. त्यातले २,००० गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, दरमहा शेकडा एक दराने. उरलेले १,००० कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून इथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. मी तिथेच कठड्यावर बसून आकडेमोड केली. शेकडा एक म्हणजे वर्षाला १२ टक्के. २,००० वर २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. पै न पै जुळते. आणि पुढे अट : ही रक्कम परत करायची नाही, फक्त व्याज वापरायचं. सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला, हेही लिहून ठेवलं आहे.

मला हिशेबापेक्षा ठेव कोणाकडे ठेवली याचं जास्त अप्रूप वाटलं. राजाच्या जावयाने पैसे सावकाराकडे ठेवले नाहीत, कोष्ट्यांकडे ठेवले. हातमागावर बसणाऱ्या माणसांची संघटना पिढ्यान् पिढ्या टिकेल, मुद्दल सांभाळेल आणि वेळच्या वेळी व्याज देईल, एवढी तिची पत होती. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कोष्ट्याकडून, सुताराकडून मी दोन-दोन जामीनदार मागितले आहेत. नियमच तसा होता. कारागिराची पत जामीनदाराविना शून्य धरायची, हे आपण नेमकं कधी ठरवलं?

त्याच लेखात आणखी एक दान आहे : चिखलपद्र गावातली नारळाची ८,००० झाडं. पैशाच्या ठेवीला लागूनच झाडांची ठेव.

गोवर्धन नावाचं गाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे. आणि १९०६ मध्ये याच जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. राज्य बदललं, नाणं तेच राहिलं. खाली उतरून चहा घेतला, तर टपरीवाल्याने क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे सरकवला. इथून काही किलोमीटरवर, नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात, आणि त्याच शहरात चहाचे दहा रुपये नोटेशिवाय हात बदलतात. मला यात वाईट काही दिसत नाही. टपरीवाल्याच्या खात्यात रोजची उलाढाल नोंदली जाते, आणि उद्या त्याच नोंदीच्या जोरावर त्याला जामीनदाराविना कर्ज मिळणार असेल, तर कोष्ट्यांच्या श्रेणीची गेलेली पत परत येण्याची ती एक वाट आहे. तशी ती यायला हवी. नुसती नोंद होऊन उपयोग नाही.

दुपारी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. स्थापना १८४०. मुंबई-पुण्याबाहेर इतकं जुनं वाचनालय आजही रोज उघडतं, टेबलावर वर्तमानपत्रांच्या घड्या पडतात, निवृत्त माणसं चष्मा पुसत बसतात आणि बाजूला स्पर्धा परीक्षेची पोरं मान वर न करता वाचत असतात. ज्ञानपीठ मिळवणारे कुसुमाग्रज या शहरात राहिले, लिहीत राहिले, हे इथे फिरताना सारखं जाणवतं. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातून 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना निघाली : शंभर पुस्तकांची पेटी एका वाचक गटाकडे जाते, काही महिन्यांनी ती पुढच्या गटाकडे आणि तिच्या जागी दुसरी पेटी येते. या पेट्या नाशिकच्या सोसायट्यांपासून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. एक पुस्तक जितक्या हातांतून जाईल तितकं व्याज देतं आणि पेटी शंभराची शंभरच राहते. उषवदाताला ही योजना नक्की कळली असती.

तिथून पंचवटीत काळाराम मंदिर. काळ्या दगडाचं देखणं देऊळ आहे, मंडपात सावली आणि गारवा. पण मी दरवाजा बघत उभा राहिलो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या दरवाजांसमोर आली, आणि दरवाजे बंद ठेवले गेले. दादासाहेब गायकवाडांनी तो सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवला. दार तेव्हा उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. नाशिकची पुण्याई सांगणाऱ्या प्रत्येकाने हा दरवाजाही दाखवला पाहिजे. ठेव सगळ्यांची आणि व्याज मूठभरांचं, असा हिशेब इथे शतकानुशतकं चालला, आणि तो मोडायला निघालेल्यांना दगड खावे लागले.

गुरुवार : लासलगाव

मामेभाऊ निफाड तालुक्यात शेती करतो. पहाटे त्याच्या ट्रॅक्टरवरच लासलगावला गेलो. ट्रॉलीत लाल कांदा, वर ताडपत्री, आणि रस्त्याला पुढे-मागे तशाच ट्रॉल्यांची रांग. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतात, आणि आवारात शिरल्यावर त्याबद्दल शंका राहत नाही. हवेतच कांदा असतो. डोळे चुरचुरतात, नंतर सवय होते.

लिलाव मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉल्यांच्या रांगेतून पुढे सरकतो. आपली पाळी आली की मागचा फाळका उघडायचा, मूठभर कांदा खाली घरंगळतो. एकाने कांदा उचलला, अंगठ्याने मानेपाशी दाबला, पापुद्रा चोळला, हातावर तोलला आणि टाकून दिला. दुसऱ्याने गोल्टी, म्हणजे बारका कांदा, किती आहे ते बघायला ट्रॉलीत हात कोपरापर्यंत घातला. बोली सुरू. पुकारणाऱ्याचा आवाज चढत गेला, दहा-दहा, वीस-वीसच्या पायऱ्यांनी, आणि एकदम थांबला. चिठ्ठीवर आकडा पडला. माझ्या घड्याळात मिनिटसुद्धा झालं नव्हतं. रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत चार-साडेचार महिने, आणि किंमत ठरायला मिनिटभर. भावाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तो फाळका लावून काट्याकडे निघाला.

वजन, हिशेब पट्टी, हमाली, तोलाई. पट्टी हातात आल्यावर त्याने ती माझ्याकडे दिली, "घ्या दादा, तुम्ही बँकवाले, तुम्हीच सांगा काय उरलं." मी खत, औषधं, मजुरी, डिझेल मांडत गेलो. उरलं, पण घरच्या माणसांची मजुरी धरली नाही म्हणून उरलं. ती धरायची त्याची पद्धतच नाही.

चहा पिताना फोनवर पिंपळगाव, विंचूर, येवला, सगळीकडचे भाव त्याला दिसत होते. किमान, कमाल, सरासरी, आवक किती नग, म्हणजे किती गाड्या. दहा वर्षांपूर्वी हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायचं. मला वाटलं, एवढी माहिती हातात आहे तर भाव पडलेल्या दिवशी माल आणायचाच कशाला? त्याने समजावलं. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत चार-सहा महिने राहतो, तो धरून ठेवता येतो. लाल कांद्यात पाणी जास्त. काढला की काही आठवड्यांत विकावाच लागतो, नाहीतर सडतो. फोनमुळे भाव कळला, थांबण्याची ताकद फोन देत नाही. ती चाळीत असते, खिशात असते, आणि लाल कांद्याच्या बाबतीत ती कुठेच नसते.

त्यात वरून धोरण. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडावा, हे मलाही मान्य आहे. मीही विकतच घेतो. पण त्या दीड वर्षाहून जास्त काळात बांगलादेशापासून आखातापर्यंतचे खरेदीदार दुसरीकडे वळले, आणि गिऱ्हाईक हेही शेतकऱ्याचं मुद्दलच आहे. वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक एका अधिसूचनेने तुटतं, पण ते जोडून देणारी अधिसूचना काढता येत नाही.

गावातच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र आहे. कोबाल्ट-६० च्या किरणांमुळे कांद्याला मोड येत नाहीत. केंद्र उभं राहिलं कांद्यासाठी, आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला भारताचा आंबा आधी इथून विकिरण होऊन गेला. तंत्रज्ञान चोख आहे. पण विकिरणाने मोड थांबतात, सड थांबत नाही. त्याच्या जोडीला थंड साठवण लागते, आणि तिचा खर्च कांद्याच्या भावात बसला पाहिजे. प्रयोगशाळेतली गोष्ट चाळीपर्यंत पोचते ती अशा खर्चाच्या गणितातून, आणि हे गणित मांडून द्यायला शेतकऱ्यापाशी कोणी बसलेलं नाही.

शुक्रवार : नांदूरमध्यमेश्वर

भावाच्या घरून नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याकाठच्या चापडगावला पोचायला फार वेळ लागला नाही. झुंजूमुंजू झालं होतं आणि पाण्यावर धुकं होतं.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा बंधारा बांधायला घेतला. काम होतं कालव्यांना पाणी द्यायचं, आणि ते अजून चालू आहे. पण नदी गाळ आणत गेली, बंधारा उथळ होत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. अभियंत्याच्या वहीत ही तूट. पक्ष्यांनी मात्र ती जागा पकडली. आता इथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हे नाव जाहीर झालं.

मनोऱ्यावरच्या स्थानिक गाइडने दुर्बीण हातात दिली. हा गावातलाच पोरगा, घरी दोन एकर, सकाळी पक्षी आणि दुपारी शेत. "काका, डावीकडं, त्या बाभळीच्या खाली बघा, चित्रबलाक." चित्रबलाकाच्या शेपटीजवळच्या पिसांना गुलाबी रंग असतो, तो मी पुस्तकात पाहिला होता. प्रत्यक्षात तो पक्षी वळला तेव्हाच दिसला, आणि मग त्याच्यावरून नजर हलेना. जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत पानवेलींवरून चालत होत्या. चक्रवाकांची जोडी, थापट्यांचा थवा, शेकाट्यांच्या लाल काटक्यांसारख्या पायांची रांग. मग एकदम सगळं पाणी उठलं. शेकडो बदकं एका दमात हवेत गेली. दलदल हारिण हा शिकारी पक्षी वरून फिरत होता. पोरगा म्हणाला, "तो रोज येतो, आन् हे रोज उठत्यात."

मी तिथून निघायला तयार नव्हतो. भावाला कामं होती, तरी तो बिचारा थांबला.

एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करता येत नाही. नाशिक शहराचं सांडपाणी या पात्रातूनच खाली येतं. पाणवेलींचे हिरवे गालिचे लांबून सुंदर दिसतात, पण ते त्या सांडपाण्यावर पोसलेले आहेत. रामकुंडावर स्नान करणाऱ्याने गोदेची आरती म्हटली की तिची काळजी संपते आणि खाली चापडगावच्या पक्ष्यांची सुरू होते. शहराच्या मलजल प्रकल्पांवर नाशिककरांनी जितकी बारीक नजर ठेवायला हवी, तितकी सिंहस्थाच्या रस्त्यांवर असते. हे बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही.

शनिवार : दिंडोरी

द्राक्षाचा दिवस. भावाच्या मेहुण्यांची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. सकाळी सहाला पिकअपमधून बाया उतरल्या, पेठ-सुरगाण्याकडच्या. त्यांच्याशिवाय या जिल्ह्यातली द्राक्षं वेलीवरच राहतील. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), काढणी, सगळं त्यांच्या हातून जातं.

एका मावशींच्या शेजारी उभा राहून बघत होतो. डाव्या हाताने घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, कारण मण्यावरची पांढरट लव पुसली की माल परदेशी जात नाही. कात्रीने देठ कापायचा, घड उलटा धरून तडकलेला, बारका मणी टिपून काढायचा आणि कागद घातलेल्या क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. मणी १६-१८ मिलिमीटरचा हवा, ब्रिक्स मीटरवर गोडी १६ च्या वर हवी. बागाईतदार मीटर लावतात. मावशी नुसत्या रंगावरून सांगत होत्या, आणि ज्या घडाला त्या "थांबू द्या अजून" म्हणाल्या त्याचा आकडा खरोखर कमी आला. या नजरेची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. प्लॉटची होते. निर्यातीच्या बागेची नोंदणी 'ग्रेपनेट'वर असते, पेटीवरच्या कोडवरून युरोपातल्या दुकानदाराला बाग, फवारणी, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं शोधता येतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली आणि बागाईतदार उद्ध्वस्त झाले. तेव्हापासून ही शिस्त हाडात मुरली आहे.

याच तालुक्यातल्या मोहाडीत विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी उभी केलेली 'सह्याद्री फार्म्स' आहे. एकट्या शेतकऱ्याला शीतगृह, पॅकहाउस, प्रयोगशाळा परवडत नाही; शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपनीला परवडते. बुधवारी पाहिलेली कोष्ट्यांची श्रेणी आणि ही कंपनी यांत मला सरळ नातं दिसतं : कष्टकऱ्यांची संघटना, जिच्यावर बाहेरचा माणूस पैसे लावायला तयार होतो. असं एकेक तालुक्याला एक हवं. फक्त पेठ-सुरगाण्याच्या बायांचाही त्यात भाग असावा. रोजंदारी हे काही भाग-भांडवल नव्हे.

पावसाचं काय, असं विचारलं तर मेहुणे थोडा वेळ गप्प राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाडला गारपीट झाली त्या रात्रीचं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "प्लास्टिकचं आच्छादन टाकायचंय, पण एकराचा खर्च बघितला का भाऊसाहेब?"

रविवार : तपोवन, त्र्यंबक

सकाळी तपोवनात गेलो. सिंहस्थ २०२६-२८ चा, आणि साधुग्रामसाठी इथली झाडं काढायचा बेत २०२५ च्या नोव्हेंबरात पुढे आला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. विषय हरित लवादापर्यंत गेला. ज्या वनात राम राहिला अशी श्रद्धा आहे, तिथे साधूंसाठी सावली तोडायची, हे कुठल्याही श्रद्धेत बसत नाही. दुसरीकडे तितकीच रोपं लावू, हे उत्तर मला पटत नाही. पन्नास वर्षांचं झाड म्हणजे मुद्दल. रोप हे व्याजसुद्धा नाही, ते नुसतं वचन आहे. शहरातल्या गोदाप्रेमी मंडळींनी रामकुंड परिसरातल्या जुन्या कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढावं म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली होती, म्हणजे तळातले झरे मोकळे होतील. असे चिवट नागरिक असणं हे या शहराचं भाग्य आहे.

त्र्यंबकला जाताना अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय मी सोडणं शक्य नव्हतं. बाकी गर्दीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही; रविवार होता.

ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना मधल्या वळणावर ताक-लिंबूपाणी विकणाऱ्या एक ताई भेटल्या. डोंगरातल्याच पाड्यावरच्या. इथे पाऊस धो-धो पडतो. या डोंगररांगेच्या पूर्वेला पडलेलं पाणी गोदावरी होऊन १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जातं; वाटेत नाशिक, निफाड, मग पैठणचा जायकवाडी. २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा केवढी भांडणं झाली. पश्चिमेला पडलेलं पाणी वैतरणेत जातं आणि तिथल्या धरणांतून मुंबईच्या नळाला. मराठवाडा मागतो, तेही रास्त. मुंबई पिते, तेही चालू राहणार.

ताईंना विचारलं, तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी? त्या म्हणाल्या, "मार्च सरला की विहीर खाली जाते. मग दोराला धरून आत उतरायचं, वाटीवाटीनं भरायचं. टँकर आला तर आला." त्यांच्या मुलीने अकरावीला विज्ञान घेतलंय, ती नाशिकला वसतिगृहात असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली की पहिले आठ दिवस तीही पाणीच भरते.

समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा आहे. त्यावर धरणाच्या वरचे आणि खालचे भांडतात, समित्या बसतात, टक्केवारी ठरते. ही सगळी टक्केवारी धरणात साठलेल्या पाण्याची. धरणाच्याही वर, जिथे थेंब पडतो त्या पाड्यांचं नाव त्या हिशेबात नाही. तिथे मोठं काही लागत नाही : झऱ्यांचं सर्वेक्षण, दगडी टाक्या, गळकी विहीर नीट करणं, आणि डोंगर न फोडणं. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या उत्खननावरून गदारोळ झाला होता, तो याचसाठी महत्त्वाचा. वाटपाच्या पहिल्या ओळीत हे पाडे लिहावेत, जायकवाडीच्याही आधी आणि मुंबईच्याही. त्यांना लागणारं पाणी इतकं थोडं आहे की टीएमसीच्या हिशेबात ते दिसणारसुद्धा नाही.

ताईंनी लिंबूपाण्याचे पैसे फोनवर घेतले. डोंगरात रेंज होती.